कोच म्हणायचं नाही

१९ जुलै २०२२. सकाळचे आठ वाजायला आलेले. गॅसवर दूध, हातात मोबाइल, आणि मोबाइलवर आष्टी तालुक्यातल्या मांडव्याचा पोरगा अमेरिकेत पळतोय. अविनाश साबळे. जागतिक अजिंक्यपद स्पर्धा, ३००० मीटर स्टीपलचेसची, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत पळायच्या शर्यतीची फायनल. मी ओट्याला टेकून उभा. दूध उतू गेलं हे मला वासावरून कळलं.

शर्यत रडतखडतच झाली. पुढे जायला कुणी तयार नाही, सगळे एकमेकांच्या खांद्याआड लपलेले. शेवटी मोरोक्कोच्या एल बक्कालीने एकदम वेग वाढवला आणि ८ मिनिटं २५.१३ सेकंदांत सोनं नेलं. साबळे अकरावा, ८:३१.७५. त्याच्या दीडेक महिना आधी मोरोक्कोतल्या रबातला याच साबळेने ८:१२.४८चा राष्ट्रीय विक्रम केलेला. आमच्या कॉलेजच्या ग्रुपवर लगेच हिशेब सुरू झाले, की तीच वेळ इथे आली असती तर सोनंच की! ज्यांनी कधी फायनल पळलेली नाही तेच असे हिशेब मांडतात. फायनलमध्ये घड्याळाला कुणी विचारत नाही.

शर्यत संपल्यावर कॅमेरा स्टेडियमवरून फिरला. ओरेगन राज्यातलं युजीन हे गाव, तिथल्या विद्यापीठाचं हेवर्ड फील्ड. कोपऱ्यात एक दहा मजली मनोरा आणि त्याच्या अंगावर माणसांची अवाढव्य चित्रं. चार खेळाडू, आणि पाचवा एक म्हातारा. सगळ्या मैदानात त्या उंचीवर न पळणारा असा तो एकटाच. मी दुधाची शेगडी पुसत पुसत त्याचं नाव शोधलं. बिल बावरमन. चोवीस वर्षं या विद्यापीठाच्या मुलांना पळायला शिकवणारा माणूस.

नाव अगदीच अनोळखी नव्हतं. बुटांच्या एका गोष्टीत कधीतरी वाचलं होतं, ती गोष्ट पुढे येईलच. पण त्या दिवसापासून मी या माणसाच्या मागे लागलो तो बुटांमुळे नाही. पहिल्याच दिवशी वाचलेल्या एका बारीकशा तपशिलामुळे. बावरमन यांना कुणी 'कोच' म्हटलेलं खपत नसे. ते स्वतःला शिक्षक म्हणवून घेत. कुणी फार छेडलं तर स्पर्धेला तोंड कसं द्यायचं याचा आपण प्राध्यापक आहोत, असं काहीतरी मिश्कील उत्तर देत.

मला हसू आलं. आपल्याकडे हा प्रश्नच कधी पडलेला नाही. 'प्रशिक्षक' हा शब्द वर्तमानपत्रात असतो आणि सत्काराच्या फ्लेक्सवर. मैदानावर "अहो प्रशिक्षक" अशी हाक मारलेली तुम्ही ऐकलीय? तिथे सर. कबड्डीचे सर, खो-खोचे सर, रनिंगचे सर. ओरेगनमधल्या त्या माणसाला जी पदवी हट्टाने हवी होती, ती आपण शिट्टी गळ्यात अडकवलेल्या प्रत्येकाला पहिल्याच दिवशी देऊन मोकळे होतो. दिल्यावर ती त्याने निभावली का, हे विचारायची आपली पद्धत नाही.

माझेही सर होते. त्यांचं नाव लिहीत नाही, कॉलेजचंही नाही. पुणं, नव्वदचं दशक. मैदान मातीचं, चुन्याच्या रेषा मारलेलं, पावसाळ्यात मधोमध तळं. सरांचं स्टॉपवॉच बुटाच्या काळ्या नाडीत ओवलेलं असायचं. माझी १५०० मीटर. सर तळमळीचे होते, यात शंका नाही. साडेपाचला आमच्या आधी मैदानावर असत. झोनलला जाताना एसटीच्या तिकिटाचे पैसे कित्येकदा त्यांनीच भरलेत, आणि नंतर स्टँडवर ऑम्लेट-पावही त्यांचाच. फक्त त्यांच्याकडे औषध एकच होतं. वेळ सुधारली, आणखी दोन राउंड. वेळ घसरली, आणखी दोन राउंड. पाय दुखतोय? "दुखतोय म्हणजे बनतोय."

दुसऱ्या वर्षाला माझी नडगी दुखायला लागली. रात्री पांघरूण घासलं तरी कळ यायची. मी राउंड मारत राहिलो, कारण थांबणं म्हणजे कामचुकारपणा हे डोक्यात पक्कं बसलेलं. महिनाभराने एक्स-रेमध्ये केसाएवढी चीर निघाली. तीन महिने घरी. नंतर बालेवाडीला पहिल्यांदा सिंथेटिक ट्रॅकवर पळायला मिळालं, १९९४च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी बांधलेला तो तांबूस, पायाखाली किंचित दबणारा ट्रॅक. पण तोवर माझ्यातलं काहीतरी सुटलेलं होतं. चौथा आलो. तिथून पुढे बँकेच्या परीक्षा.

म्हणून बावरमन आणि केनी मूर यांची गोष्ट वाचली तेव्हा मी ती तीनदा वाचली.

केनी मूर हा साठच्या दशकातला ओरेगनचा विद्यार्थी, लांब पल्ल्याचा धावपटू, आणि खूप मेहनती. इतका मेहनती, की सांगितलेलं करून झाल्यावर चोरून आणखी पळायचा. आजारी पडायचा, दुखापती व्हायच्या, बरा झाला की पुन्हा तेच. बावरमन यांनी समजावून पाहिलं. नाही ऐकलं. मग एक दिवस त्यांनी त्या पोराचा गळाच धरला, हा शब्दप्रयोग नव्हे, खरंच धरला, आणि तीन आठवडे रोज फक्त तीन मैल, तेही माझ्या डोळ्यांसमोर, असं कबूल करून घेतलं. त्यापलीकडे एक पाऊल टाकताना कुणालाही दिसलास तर या विद्यापीठाकडून पुन्हा पळणार नाहीस, ही धमकी वर. मूर चरफडला. आपला फॉर्म जाणार, याची त्याला खात्रीच होती. तीन आठवड्यांनी शर्यत झाली आणि तो आयुष्यात पळाला नव्हता असा पळाला. पुढे हाच मूर १९७२च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये मॅरेथॉनमध्ये चौथा आला, आणि नंतर लेखक झाला. बावरमन यांच्याबद्दल आज आपल्याला जे माहीत आहे त्यातलं बरंचसं त्याच्यामुळे.

एक दिवस कष्टाचा, दुसरा हलका. इतकं साधं सूत्र. ताण दिल्यावर शरीर मोडतं आणि विश्रांतीत ते सांधलं जातं, सुधारणा होते ती त्या सांधण्यात. पन्नास-साठच्या दशकात हे साधं नव्हतं. जो जास्त पळेल तो जिंकेल, अशीच तेव्हाची समजूत, आणि बावरमन उलट सांगत होते की थोडी कमी तयारी परवडली, जास्त तयारी नको. शिवाय प्रत्येकाचं वेळापत्रक वेगळं. कुणाला एका कष्टाच्या दिवसानंतर एक हलका दिवस पुरेल, कुणाला दोन लागतील. मूरला जास्त लागत. हे ओळखायला स्टॉपवॉच उपयोगाचं नाही, पोराच्या तोंडाकडे बघावं लागतं. आमच्या सरांनी वीस पोरांना एकच पाढा म्हणायला लावला. अर्थात वीस पोरं, एक सर, आणि वर क्लासवरचे तास, परीक्षेचं सुपरव्हिजन, गॅदरिंगचे पास. हेही लिहायला हवं.

बावरमन यांना हे शहाणपण कुठून आलं असेल? मला वाटतं ते स्वतः वाया जाता जाता वाचलेले होते, त्यातून. १९११ साली पोर्टलंडला जन्म. वडील त्याच्या थोडंच आधी ओरेगनचे हंगामी गव्हर्नर होते. जुळा भाऊ लहानपणीच लिफ्टच्या अपघातात गेला. आईवडील वेगळे झाले आणि आई मुलांना घेऊन माहेरच्या बाजूला, फॉसिल नावाच्या चिमुकल्या गावात आली. तिथल्या जमिनीत खरोखरच जीवाश्म सापडतात, म्हणून ते नाव. पुढे मेडफर्डला शाळेत असताना पोरगा मारामाऱ्यांत सराईत झाला. शेवटी अर्सेल हेड्रिक नावाच्या शाळांच्या प्रमुखाने त्याला समोर उभं करून असा झापला, की तो पुन्हा त्या वाटेला गेला नाही. आपल्या आयुष्याला वळण लागलं ते त्या झापण्यामुळे, असं बावरमन मानत. विद्यापीठात ते आधी अमेरिकन फुटबॉल खेळले, पळायला त्यांना शिकवलं बिल हेवर्ड यांनी. हे ज्यांच्या नावाचं मैदान तेच. डॉक्टर व्हायचा बेत होता. त्यासाठी पैसे साठवावेत म्हणून शाळेत शिकवायला लागले आणि शिकवतच राहिले. मध्ये महायुद्ध आलं. अमेरिकी सैन्याच्या दहाव्या माउंटन डिव्हिजनमधून ते इटलीच्या डोंगरांत लढले, आणि युद्ध संपता संपता एका जर्मन फौजेच्या शरणागतीची बोलणी त्यांनी स्वतः केली. १९४८ साली हेवर्ड यांच्या जागेवर आले.

नव्याने आलेल्या मुलांना ते एक गोष्ट सांगत. एका शेतकऱ्याचं खेचर काही केल्या नांगर ओढेना. त्याने खेचर वठणीवर आणणाऱ्या एका माणसाला बोलावलं. त्याने आल्या आल्या एक लाकडी दांडकं घेतलं आणि खेचराच्या दोन कानांमध्ये हाणलं. शेतकरी ओरडला, हे काय? तो म्हणाला, आधी त्याचं लक्ष तर माझ्याकडे यायला हवं! मुलं हसत. पण आपण या गोष्टीत नेमके कोण आहोत, हे त्यांना लवकरच कळे.

इथे मला थोडं थांबावंसं वाटतं. या माणसाच्या आठवणी सांगणारे त्याचे काही प्रकार फार लाडाने सांगतात. सॉना बाथमध्ये बसलेले असताना ते आपल्या किल्ल्यांचा जुडगा तापवत आणि नव्या पोराच्या मांडीला लावत. पोराच्या कातडीवर डाग उठे, की तो ओरेगनचा झाला. शॉवरमध्ये शेजारच्या पोराशी गप्पा मारता मारता त्याच्या पायावर लघवी करत, आणि ते त्याच्या उशिरा लक्षात येई. हे प्रेम होतं, असं म्हणतात. असेल. ती मुलं म्हातारी झाली तरी त्यांच्या नावाने गहिवरत, हेही खरं. पण मला हे वाचताना आमच्याकडची हॉस्टेलं आठवतात, आणि गहिवर येत नाही. ज्याच्या हातात तुमचं संघातलं स्थान आहे, त्याच्या किल्लीला 'नको' म्हणायची सोय किती पोरांना असेल? शिक्षक म्हणवून घेणाऱ्याला तर हा प्रश्न जास्तच लागू.

पदकांचा हिशेब पटकन उरकतो. चोवीस हंगाम, राष्ट्रीय विद्यापीठ स्पर्धेची चार विजेतेपदं: १९६२, १९६४, १९६५ आणि १९७०, त्यातलं शेवटचं तिघांत वाटून. एकतीस ऑलिंपियन. एक मैल चार मिनिटांच्या आत पळणारे सोळा जण. ब्रिटनच्या रॉजर बॅनिस्टरने ती भिंत जगात पहिल्यांदा फोडली १९५४ साली, हे लक्षात घेतलं की सोळाचा आकडा किती मोठा ते कळतं.

त्यांच्यात मला सगळ्यात आवडतो ओटिस डेव्हिस. मनोऱ्यावरच्या त्या चित्रांत तोही आहे. अलाबामातून आलेला काळा मुलगा. मुलगा कसला, सव्वीस वर्षांचा बाप्या. आला होता बास्केटबॉल खेळायला, तिथे मन रमेना, म्हणून एक दिवस ट्रॅकवर आला आणि मला काही करता येईल का म्हणून विचारलं. सव्वीसाव्या वर्षी आपल्याकडे खेळाडू नोकरीच्या ऑर्डरची वाट बघत असतो. बावरमन यांनी त्याला आधी उंच उडीला लावून पाहिलं, मग पळवून पाहिलं. दोन वर्षांनी, १९६०च्या रोम ऑलिंपिकमध्ये तो ४०० मीटरच्या फायनलला होता. जर्मनीच्या कार्ल काउफमनने रेषेवर अक्षरशः अंग झोकून दिलं. फोटो बघून निकाल लागला. डेव्हिस पहिला, ४४.९ सेकंद, जागतिक विक्रम. चारशे मीटर पंचेचाळीस सेकंदांच्या आत, जगात पहिल्यांदाच.

आता बूट. बावरमन यांना बाजारातले स्पाइक्स, म्हणजे तळव्याला खिळे असलेले पळायचे बूट, जड वाटत, म्हणून ते घरीच बूट शिवायला लागले. त्यांचं गणित असं: सहा फूट उंच माणसाची ढांग साधारण सहा फुटांची धरा. म्हणजे मैलाला ८८० ढांगा. बुटाचं वजन एक औंसाने, आपल्या अठ्ठावीस ग्रॅमने कमी केलं, तर एका मैलात पोराने न उचललेलं वजन भरतं ५५ पौंड. जवळजवळ पंचवीस किलो, तांदळाचं एक पोतंच! पदार्थविज्ञानाच्या मास्तरांना या हिशेबावर आक्षेप घेता येईल, पण चौथ्या लॅपला ज्याचे पाय शिशाचे झालेत त्याला हे लगेच पटतं.

नवा बूट आधी ज्या पोरांवर आजमावत त्यांत फिल नाइट नावाचा एक बऱ्यापैकी पळणारा, पण संघातला सर्वोत्तम नसलेला पोरगा होता. सर्वोत्तम पोराच्या पायाशी खेळायची जोखीम कोण घेईल? हाच नाइट पुढे जपानी बूट आयात करायचा धंदा घेऊन सरांकडे आला. १९६४ साली दोघांनी पाचशे-पाचशे डॉलर घालून हात मिळवले. त्या धंद्याचं नाव पुढे नाइकी झालं. आमच्या कॉलेजात ते इंग्रजी स्पेलिंग बघून सगळे 'नाईक' म्हणत. मलाही बरीच वर्षं वाटायचं, की गोव्याकडच्या कुणा नाईकांची कंपनी असेल.

आणि तो साचा. अमेरिकेत वॉफल म्हणून एक नाश्त्याचा प्रकार असतो. चौकोनी खड्ड्याखड्ड्यांच्या लोखंडी साच्यात पीठ ओतायचं, झाकण दाबायचं. आपल्या आप्पेपात्राचा चुलतभाऊ म्हणा. सत्तरच्या सुमारास हेवर्ड फील्डचा जुना ट्रॅक जाऊन युरेथेनचा, म्हणजे रबरासारख्या कृत्रिम पदार्थाचा नवा ट्रॅक आला, आणि खिळ्यांशिवाय सगळीकडे पकड घेईल असा तळवा बावरमन शोधत होते. एका सकाळी बायको, बार्बरा, वॉफल करत असताना त्यांची नजर त्या साच्यावर गेली. ती घराबाहेर पडल्यावर यांनी त्यात पातळ युरेथेन ओतलं. ते चिकटू नये म्हणून आधी काही लावायला हवं होतं, ते राहिलं. साचा कायमचा बंद. १९३६च्या लग्नात आहेर म्हणून आलेला साचा! आपल्याकडे नवऱ्याने आहेरातल्या आप्पेपात्रात डांबर ओतलं असतं, तर पुढचा इतिहास वेगळा घडला असता. बार्बराबाईंनी काय म्हटलं असेल ते असो, बावरमन यांनी दुसरे साचे आणले आणि काम पुढे नेलं. तो पहिला साचा खूप वर्षांनी, ते गेल्यानंतर, घराजवळच्या कचऱ्याच्या खड्ड्यात गंजलेला सापडला.

ही गोष्ट सगळे सांगतात. तिची दुसरी बाजू कमी सांगितली जाते. बुटांचे गोंद आणि द्रावणं घेऊन हा माणूस वर्षानुवर्षं छोट्याशा, हवा न खेळणाऱ्या खोलीत काम करत राहिला. त्या वाफांनी त्यांच्या पायांच्या नसा गेल्या. चाल लंगडी झाली. जग ज्या बुटांवर पळायला लागलं, ते घालून पळणं बनवणाऱ्याला शक्य राहिलं नाही.

आणि जगाला, म्हणजे तुमच्याआमच्यासारख्या खेळाडू नसलेल्यांना, पळायला लावण्यातही त्यांचाच मोठा हात. १९६२ साली त्यांच्या चार पोरांनी चार बाय एक मैल रिलेचा जागतिक विक्रम केला, आणि त्याच वर्षअखेरीस ते संघासह न्यूझीलंडला गेले. तिथे धावपटूंचे नामांकित प्रशिक्षक आर्थर लिडियार्ड यांनी त्यांना रविवारी सकाळी आपल्या मंडळींबरोबर डोंगरवाटेने 'जरा' पळायला नेलं. बायका, पोरं, म्हातारेकोतारे. बावरमन एक्कावन वर्षांचे, स्वतःला धडधाकट समजणारे, आणि थोड्याच वेळात त्यांची जीभ बाहेर. सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ, हृदयाचं दुखणं अनुभवलेले, मुद्दाम मागे राहून त्यांच्या सोबतीने गप्पा मारत पळत राहिले. हा अपमान बावरमन विसरले नाहीत. परत आल्यावर त्यांनी युजीनच्या नागरिकांना मैदानावर बोलावलं. चला, हळूहळू पळू या. गर्दी इतकी वाढत गेली, की कुणी मैदानातच कोसळायचा या भीतीने त्यांनी लोकांना घरी पाठवलं आणि आधी डॉक्टरांना गाठलं. हृदयरोगतज्ज्ञ वॉल्डो हॅरिस यांच्याबरोबर १९६७ साली त्यांनी जॉगिंगवर पुस्तक लिहिलं, ते लाखांनी खपलं. त्यातही सूत्र तेच. बोलता येईल इतक्याच वेगाने पळा, आणि एक दिवसाआड पळा. सारसबागेभोवती पहाटे धापा टाकत पळणारे काका बघितले, की मला हे त्यांना थांबवून सांगावंसं वाटतं. थांबवत नाही. पुण्यात असं करू नये.

१९७२ साल त्यांचं सगळ्यात वाईट गेलं. म्युनिकला ते अमेरिकेच्या अ‍ॅथलेटिक्स संघाचे मुख्य प्रशिक्षक होते. ५ सप्टेंबरच्या पहाटे इस्रायलचा चालण्याच्या शर्यतीतला खेळाडू शॉल लदानी धावत त्यांच्या दारात आला. लहानपणी नाझी छळछावणीतून वाचलेला माणूस. बाजूच्या खोल्यांत अतिरेकी घुसले होते. बावरमन यांनी त्याला आत घेतलं आणि अमेरिकी वकिलातीला फोन करून मरीन सैनिक मागवले, अमेरिकेच्या ज्यू खेळाडूंच्या रक्षणासाठी. अकरा इस्रायली मारले गेले. खेळ एक दिवस थांबून पुन्हा सुरू झाले.

१० तारखेला त्यांचा एकवीस वर्षांचा विद्यार्थी स्टीव्ह प्रीफॉन्टेन ५००० मीटरच्या फायनलला उभा राहिला. कूस बे या बंदराच्या गावचा पोरगा. चाळीसेक कॉलेजांनी त्याला बोलावलं होतं. बावरमन पोरांच्या मागे लागत नसत, त्यांनी फक्त एक छोटं पत्र हाताने लिहून पाठवलं. या पोराला जन्मात एकच प्रकारे पळता आलं, सगळ्यांच्या पुढे. मागे राहा, वाट बघ, असं त्याला बावरमनही पुरतं शिकवू शकले नाहीत. त्या दिवशी शेवटच्या मैलाला त्याने आघाडी घेतली, आणि शेवटच्या लॅपला व्हिरेन गेला, गम्मूदी गेला, अगदी रेषेपाशी स्टुअर्टही गेला. चौथा. पावणेतीन वर्षांनी, ३० मे १९७५ला, मध्यरात्र उलटल्यावर, युजीनमध्येच त्याची गाडी खडकावर आदळून उलटली. चोवीस वर्षांचा होता. दोन हजारपासून दहा हजार मीटरपर्यंतचे अमेरिकी विक्रम तेव्हा त्याच्या नावावर होते. मूरला बळेच आवरता आलं, प्रीफॉन्टेनला नाही. हे दोन्ही एकाच माणसाच्या हातून घडलं, हे मला त्याच्या सगळ्या पदकांपेक्षा जास्त सांगून जातं.

म्युनिकनंतर त्यांनी शिट्टी खाली ठेवली. जागेवर बिल डेलिंजर आला, त्यांचाच जुना विद्यार्थी, १९६४च्या टोकियोतला कांस्यपदक विजेता.

इतकं वाचून मी बावरमन संपले असं समजत होतो, आणि एका रात्री पुढचा तुकडा हाती लागला. मी मुंढव्याच्या बाजूला राहतो. सकाळी पळायला कोरेगाव पार्कच्या गल्ल्यांत जातो, त्या वडाच्या झाडांखालून, ओशो आश्रमाच्या भिंतीवरून. १९८१ साली रजनीश याच पत्त्यावरून उठून अमेरिकेत गेले, आणि शिष्यांनी त्यांच्यासाठी चौसष्ट हजार एकरांचं रान घेतलं ते ओरेगनमध्ये, अँटलोप नावाच्या पाचपन्नास वस्तीच्या गावाजवळ. त्या रानाला लागून रान होतं बावरमन यांच्या मुलाचं! सत्तरी ओलांडलेल्या, लंगडणाऱ्या मास्तरांनी १९८२ साली 'सिटिझन्स फॉर कॉन्स्टिट्यूशनल सिटीज' नावाची संघटना काढली आणि शिष्यांनी त्या रानात वसवलेल्या रजनीशपुरम शहराविरुद्ध कायद्याच्या मार्गाने उभे राहिले. जमिनीचे कायदे धाब्यावर बसवून शहर उठवता येणार नाही, एवढंच म्हणणं. १९८४ साली तिथल्या काही मंडळींनी ओरेगनमधल्याच द डॅल्स गावातल्या हॉटेलांच्या सॅलडमध्ये जंतू मिसळले, ७५१ माणसं आजारी पडली. पुढच्या वर्षी रजनीशांना देश सोडावा लागला, आणि १९८७च्या जानेवारीत ते परत आले, माझ्या पळण्याच्या वाटेवर.

मला त्यांच्यातलं साम्य बघून गंमत वाटली. एकाच खोऱ्यात दोन गुरू. एकाच्या मागे चौसष्ट हजार एकर आणि भगव्या कपड्यांतले हजारो शिष्य. दुसऱ्याला कुणी कोचसुद्धा म्हटलेलं चालत नाही, आणि त्याचे शिष्य त्याला विचारल्याशिवाय तीन मैलांपलीकडे पळू शकत नाहीत. शिष्य दोघांचेही जीव टाकणारे. फरक कुठे पडतो यावर मी पाचव्या गल्लीपासून पहिलीपर्यंत विचार करत गेलोय, पुष्कळदा. मला सापडलेलं एवढंच, की बावरमन यांच्या शाळेतून चार वर्षांनी बाहेर पडावंच लागे.

बावरमन १९९९ साली, नाताळच्या आदल्या दिवशी, त्याच फॉसिल गावात गेले. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे होऊन.

गेली तीन-चार वर्षं रविवारी आणि गुरुवारी मी आमच्या भागातल्या मैदानावर सहा-सात पोरापोरींना पळायला सोबत करतो. शिकवतो म्हणवत नाही. ती मला सर म्हणत नाहीत, काका म्हणतात, आणि ते मी बदलायला गेलेलो नाही. स्टॉपवॉच मोबाइलमध्येच आहे. माझ्या हातात एक शाळेची वही असते, तिच्यात मी प्रत्येकाची वेळ लिहीत नाही, रात्री किती झोप झाली ते लिहितो. पोरं याला हसतात.

त्यांच्यात आठशे मीटरची एक मुलगी आहे, यंदा बारावीला. पोलीस भरतीचं स्वप्न. मागच्या गुरुवारी तिने चारशेचे सहा मारले, चोख. रविवारी आली तेव्हा डोळे ओढलेले, आणि पायऱ्या उतरताना उजवा पाय जपून टाकत होती.

"काका, आज किती राउंड?"

"आज काही नाही. चाल दोन फेऱ्या आणि घरी जाऊन झोप."

"काहीच नाही?"

"काहीच नाही."

ती "बरं" म्हणाली. दोन फेऱ्या चालली. सॅक उचलून गेटकडे गेली. मी बाकीच्यांचा वॉर्मअप घेत होतो. पाचेक मिनिटांनी भिंतीपलीकडच्या रस्त्यावरून पावलांचा आवाज यायला लागला. एका लयीत, पण उजवं पाऊल जरा उशिरा पडत होतं. मी वही खाली ठेवली आणि गेटकडे निघालो.